म्हातारं व्हायची मुभा नसलेलं विमान

अमेरिकेतल्या एखाद्या लहान गावाच्या विमानतळावर गेलात तर जमिनीत पक्क्या केलेल्या कड्यांना दोरांनी बांधलेली विमानं रांगेने उभी दिसतात. दोन्ही पंखांना एकेक दोर आणि शेपटीला एक. जोराचा वारा सुटला की ही विमानं चालकाची वाट न बघता उचलली जायला लागतात, म्हणून हा बंदोबस्त. जवळ जाऊन बघावं तर अंगावरचा पत्रा इतका पातळ की अंगठ्याने दाबला तर लवतो. दाराला साधी कडी. जन्मसाल बहुतेकांचं १९६० ते १९८० या काळातलं. पन्नास वर्षांची मोटार रस्त्यात दिसली तर आपण वळून बघतो. पन्नास वर्षांचं विमान इथे रोजच्या बघण्यातलं असतं, आणि उद्या सकाळी ते एखाद्या कुटुंबाला घेऊन डोंगर ओलांडणार असतं.

हे ज्यामुळे शक्य होतं त्यातच अशा विमानाच्या मालकाचा सगळा खर्च, सगळा मनस्ताप आणि सगळा आनंद दडलेला आहे.

उदाहरणादाखल सेसना १७२ घेऊ. कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरातल्या कंपनीचं हे चार आसनी विमान. पहिलं उड्डाण १९५५ मध्ये, विक्री १९५६ पासून. आजवर ४४ हजारांहून अधिक बनली. जगात दुसरं कुठलंच विमान इतक्या संख्येने बनलेलं नाही. सत्तरच्या दशकातल्या एका १७२ चं रिकामं वजन साधारण ६५० किलो, म्हणजे आपल्याकडच्या लहानात लहान मोटारीएवढं. माणसं, सामान आणि इंधन धरून उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन १,०४३ किलो. टाक्या पूर्ण भरल्या की इंधनाचेच जवळपास ११० किलो होतात, आणि उरतात २८० किलो. चार आसनी विमानात चार धट्टीकट्टी माणसं, त्यांच्या बॅगा आणि भरलेल्या टाक्या असं सगळं एकदम बसत नाही. यातलं काय सोडायचं हे दर उड्डाणाआधी कागदावर मांडून ठरवावं लागतं, आणि नव्या मालकाला पहिला धडा मिळतो तो हा.

इतकी जुनी विमानं अजून का वापरतात, याला मोठं कारण कोर्टकचेऱ्यांचं आहे. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या कारखान्यांनी १७,८११ लहान-मोठी खासगी विमानं विकली. १९९४ मध्ये हा आकडा ९२८ वर आला होता. तीस-चाळीस वर्षं जुनं विमान पडलं तरी भरपाईचा दावा मूळ निर्मात्यावर लागत असे, आणि त्यापायी विम्याचा बोजा इतका वाढला की १९८६ मध्ये सेसनाने पिस्टन इंजिनाची लहान विमानं बनवणंच थांबवलं. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला: विमान १८ वर्षांचं झालं की निर्मात्यावर असा दावा सहसा लावता येणार नाही. त्यानंतर सेसनाने १७२ पुन्हा सुरू केलं. पण मधल्या दहा वर्षांत खंड पडला तो पडलाच. आज नवं कोरं १७२ चार लाख डॉलरच्याही पुढे जातं, म्हणून पगारदार माणसाच्या आवाक्यात येतं ते तेच जुनं, मोटारीपेक्षा महाग आणि घरापेक्षा स्वस्त.

आता त्याच्या नाकाखालचं झाकण उघडून इंजिन बघा. समोरासमोर आडवे चार सिलिंडर, एकूण क्षमता ५.२ लिटर, ताकद जेमतेम १५० ते १६० अश्वशक्ती. आजच्या दीड लिटरच्या मोटारीतही इतकी ताकद मिळते. मग एवढं मोठं इंजिन कशाला? कारण प्रोपेलर थेट इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला आहे, मध्ये गिअर नाही. प्रोपेलर फार जोरात फिरला तर त्याच्या टोकांचा वेग आवाजाच्या वेगाजवळ जातो आणि ताकद गोंगाटात वाया जाते, म्हणून मिनिटाला २,७०० फेऱ्यांची मर्यादा. हळू फिरून जोर लावायचा तर सिलिंडर मोठे हवेत. ते थंड ठेवायला पाणी नाही, समोरून येणारा वारा पुरतो. पाणीच नाही म्हटल्यावर ते गळायची भीतीही नाही.

मला सर्वांत थक्क करतो तो मॅग्नेटो. इंजिनाच्याच फिरण्याने एक चुंबक फिरतं आणि त्यातून ठिणगीपुरती वीज तयार होते. बॅटरीशी त्याचा काही संबंध नाही. असे दोन मॅग्नेटो, एकमेकांवर अजिबात न विसंबणारे. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, एकेक एकेका मॅग्नेटोचा. इंधनाच्या टाक्या वरच्या पंखांत असल्याने पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरतं. म्हणजे आकाशात असताना बॅटरी मेली, दिवे गेले, रेडिओ गप्प झाला, तरी इंजिनाला त्याची दाद ना फिर्याद.

याचा पुरावा लास व्हेगासच्या विमानतळावर छताला टांगलेला आहे. ४ डिसेंबर १९५८ रोजी रॉबर्ट टिम आणि जॉन कुक ही दोन माणसं एका सेसना १७२ मध्ये बसून उडाली आणि उतरली ७ फेब्रुवारी १९५९ रोजी. ६४ दिवस, २२ तास, १९ मिनिटं. एका हॉटेलच्या जाहिरातीसाठी केलेला हा उद्योग. वाळवंटातल्या सरळ रस्त्यावर खाली ट्रक धावायचा, वर त्याच वेगाने विमान. विमानातून आकडा खाली सोडून ट्रकमधली नळी वर ओढायची आणि इंधन भरून घ्यायचं. जेवण हॉटेलच्या स्वयंपाकघरातून थर्मासमध्ये भरून याच वाटेने वर यायचं. इंजिन चालू असतानाच तेल बदलता यावं म्हणून मेकॅनिकने खास नळ्या बसवल्या होत्या. मोहीम अर्ध्याहून थोडी पुढे गेली आणि वीज बनवणारा जनरेटर बंद पडला. दिवे गेले, हीटर गेला, भर हिवाळ्यात दोघं कुडकुडत राहिले. इंजिन मात्र चालत राहिलं, कारण त्याला विजेची गरजच नव्हती. दीड हजारांहून अधिक तास ते एकदाही थांबलं नाही.

पण इंजिनाचं साधेपण हे विमान म्हातारं न होण्याचं अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कायद्यात आहे. अमेरिकी नियमांनुसार दर बारा महिन्यांनी विमानाची संपूर्ण तपासणी झालीच पाहिजे, आणि तिच्यावर खास अधिकार मिळालेल्या मेकॅनिकची सही झालीच पाहिजे. सही नाही तर उड्डाण नाही. या तपासणीत इंजिनाचं झाकण निघतं, आसनं बाहेर येतात, जमिनीच्या फळ्या उचकटल्या जातात, पंखांच्या पोटातल्या छोट्या खिडक्या उघडून आत विजेरीचा झोत टाकला जातो. सुकाणूच्या तारा किती ताणलेल्या आहेत ते मोजतात. प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडून आत किती टिकते ते बघतात. ‘बहात्तर’ म्हटलं की मालकाचा जीव भांड्यात पडतो, ‘अठ्ठावन्न’ म्हटलं की पोटात गोळा येतो. तेलाची गाळणी नुसती बदलत नाहीत, ती कापून तिच्या घड्या उलगडतात आणि त्यात धातूचे कण चमकतात का ते उन्हात धरून बघतात.

याशिवाय असतात सरकारी आदेश, एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह. जगात कुठेतरी त्या प्रकारचं एक विमान एका दोषामुळे पडतं, चौकशी होते, कारण सापडतं, आणि मग तशा प्रत्येक विमानाच्या मालकाला हुकूम सुटतो की अमुक भाग तपासा, बदला. सेसनाच्या आसनाचंच घ्या. आसन पुढेमागे सरकवायला खाली रुळ असतो आणि त्याला भोकं असतात. भोकात खुंटी बसली की आसन पक्कं. वर्षानुवर्षांच्या वापराने ती भोकं झिजून लांबोडकी होतात आणि खुंटी निसटते. जमिनीवर असताना निसटली तर कपाळाला आठी पडेल, एवढंच. पण विमान नाक वर करून चढत असताना निसटली तर चालक आसनासकट मागे जातो, हातातलं सुकाणू आधारासाठी घट्ट धरतो, ते मागे ओढलं जातं, नाक आणखी वर जातं आणि पंखांची उचल संपते. माणसं मेली आहेत यात. म्हणून आता दर वर्षी किंवा दर १०० तासांनी प्रत्येक सेसनाच्या रुळाचं एकेक भोक मोजावं लागतं. मेकॅनिक गुडघ्यांवर बसून बोटभर मापकाने भोकं मोजतो आहे, हे बघताना वाटतं की कुणा अनोळखी माणसाच्या मृत्यूची इतकी कसून दखल दुसऱ्या कुठल्या यंत्राच्या बाबतीत घेतली जात असेल?

हे सगळं वह्यांत उतरतं. विमानाच्या सांगाड्याची वही, इंजिनाची वही आणि बऱ्याचदा प्रोपेलरची वेगळी. समजा विमान १९७४ चं असेल, तर कारखान्यातून निघाल्यापासून आजपर्यंत त्याचं काय उघडलं, काय बदललं, कुणी सही केली, किती तासांवर, याच्या ओळी. मेकॅनिक बदलले, मालक बदलले, शाई फिकट झाली, पण साखळी तुटत नाही. ही वही हरवली तर धडधाकट विमानाची किंमतही धाडकन खाली येते, कारण नोंद नाही म्हणजे ते काम झालंच नाही असं धरायचं. खरेदीला निघालेला शहाणा माणूस विमानाचा रंग बघायच्या आधी दोन दिवस वह्या वाचत बसतो.

आता पैशांचं. सुट्या भागाच्या किमतीत पोलाद थोडं आणि कागद जास्त असतो. तोच बोल्ट, तोच धातू, दुकानात चवलीत मिळेल. पण तो कुणी बनवला, कुठल्या नियमानुसार, याचा दाखला सोबत नसेल तर तो विमानाला लागू शकत नाही. भाग थोड्याच संख्येने बनतात, दाव्यांची भीती आहेच, म्हणून मोटारीच्या भागासारखा दिसणारा अल्टरनेटर कित्येक पटींनी महाग पडतो. मला हा खर्च चिडवणारा वाटतो आणि तरी पटतो. ४,००० फुटांवर रस्त्याच्या कडेला गाडी घेता येत नाही.

ढोबळ हिशेब मांडू. हँगरचं भाडं गावागणिक बदलतं. साधारण ठिकाणी वर्षाला चार हजार डॉलर धरू. उघड्यावर दोरांनी बांधून ठेवलं तर बरंच कमी, पण मग ऊन, गारा आणि पक्ष्यांची घरटी सोसायची. विमा दीड हजार. वार्षिक तपासणी आणि तिच्यात निघालेली किरकोळ कामं अडीच-तीन हजार. मध्येच काहीतरी मोडतं त्यासाठी दीड-दोन हजार. झाले दहा हजार डॉलर, म्हणजे साडेआठ-नऊ लाख रुपये; आणि अजून विमान जागचं हललेलं नाही. हललं की तासाला तीसेक लिटर पेट्रोल, पन्नास-साठ डॉलरचं. शिवाय इंजिन: निर्मात्याच्या शिफारशीने २,००० तासांनी ते पूर्ण उघडून नव्याने बांधायचं, त्याला तीस-चाळीस हजार डॉलर लागतात. दर तासामागे सतरा-अठरा डॉलर त्यासाठी बाजूला टाकत राहायचे. वर्षाला ५० तास उडणाऱ्याला तास पडतो पावणेतीनशे डॉलरच्या आसपास, १५० तास उडणाऱ्याला दीडशेच्याही खाली. क्लबचं तसलंच विमान भाड्याने घेतलं तर दीडशे ते दोनशेत तास मिळतो. बहुतेक मालक १५० तास उडत नाहीत. म्हणजे आकडे सरळ सांगतात की विमान भाड्याने घ्या. आणि ते विकायचं तर मालकाच्या अगदी जिवावर येतं.

पैशांहून जास्त छळतं ते थांबणं. शहराजवळच्या विमानतळावर हँगर मिळायला प्रतीक्षायादी कित्येक वर्षांची. तपासणीत सिलिंडरचा व्हॉल्व्ह जळालेला निघाला की भाग मागवायचा. तो यायला आठवडे जातात, मग मेकॅनिकला वेळ नसतो, आणि वसंतातले सगळे निरभ्र शनिवार विमान पोट उघडं टाकून पडलेलं. थांबण्याचा आणखी एक दुष्ट परिणाम आहे. या विमानातल्या लायकमिंग कंपनीच्या इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट मुख्य दांड्याच्या वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद झालं की तेल हळूहळू खाली निथळतं, कॅमशाफ्ट कोरडा पडतो आणि दमट हवेत त्यावर गंज चढतो. पुढे इंजिन सुरू झालं की तो गंज कानशीसारखा धातू खात सुटतो. नुसतं उभ्या उभ्या फिरवून भागत नाही. तेल चांगलं तापून त्यातला पाण्याचा अंश उडून गेला पाहिजे, त्यासाठी आकाशातच न्यायला हवं. जपून वापरलेलं यंत्र टिकतं हा आपला घरोघरचा समज इथे उलटा पडतो. रोज उडणारं फ्लाइंग स्कूलचं इंजिन २,००० तास हसत गाठतं, आणि प्रेमाने झाकून ठेवलेलं हजारातच मान टाकतं.

आणि हवामान. खासगी चालकाच्या साध्या परवान्यावर ढगात शिरायला बंदी असते. ही बंदी का, ते १९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठातल्या एका प्रयोगाने दाखवून दिलं. ढगांत उडण्याचं प्रशिक्षण नसलेले वीस चालक घेतले आणि बाहेरचं काही दिसू नये अशी सोय करून त्यांच्या हाती विमान दिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. तीन मिनिटंसुद्धा नाहीत. आपल्या कानाच्या आत तोल सांगणाऱ्या, द्रवाने भरलेल्या नळ्या असतात. विमान हळूच कलून वळू लागलं की काही क्षणांत तो द्रव वळणाशी जुळवून घेतो आणि मेंदूला कळवतो की सगळं सरळ आहे. डोळ्यांना क्षितिज दिसत नसेल तर माणूस त्या खोट्या साक्षीवर विश्वास ठेवतो आणि गोल गोल खाली येतो. म्हणून शहाणा मालक रविवारी संध्याकाळी, उद्या कामावर जायचं असतानाही, परक्या गावात ढग हटायची वाट बघत मोटेलमध्ये मुक्काम ठोकतो. जे थांबले नाहीत त्यांच्या कहाण्या अपघातांच्या अहवालांत आहेत. अमेरिकेत अशा खासगी उड्डाणांत लाख तासांमागे साधारण एक जीवघेणा अपघात होतो. मोठ्या प्रवासी विमानांशी या आकड्याची बरोबरी होऊच शकत नाही, आणि मालकाने तो आपल्यापासून लपवू नये.

एक खंत खरी आहे. या इंजिनांना लागणाऱ्या पेट्रोलमध्ये अजून शिसं असतं. मोटारींच्या पेट्रोलमधून ते कधीच गेलं. विमानांचं हे निळसर पेट्रोल अजून त्यावर तगून आहे, कारण शिशाशिवाय जास्त दाबाच्या इंजिनांत इंधन वेळेआधी भडकतं. कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीने १ जानेवारी २०२२ पासून आपल्या विमानतळांवर त्याची विक्री बंद केली, शेजारच्या वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसं वाढतं म्हणून. बिनशिशाच्या इंधनाला त्याच वर्षी मान्यता मिळाली आहे आणि २०३० पर्यंत बदल पुरा करायचं ठरलं आहे. छंदाची किंमत धावपट्टीशेजारच्या लेकरांनी मोजावी हे मला मान्य होत नाही, आणि तिथले अनेक मालकही आता तेच म्हणतात. भारतात तर हे पेट्रोल परवापरवापर्यंत बनतच नव्हतं, परदेशातून यायचं. इंडियन ऑइलने ते देशात बनवून २०२२ मध्ये बाजारात आणलं.

मग हे सगळं सोसून माणसाला काय मिळतं?

उड्डाणाआधीची दहा मिनिटं बघा. मालक विमानाभोवती फेरी मारतो. पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडं पेट्रोल काढून उजेडात धरतो. निळं आहे ना, तळाला पाण्याचा थेंब नाही ना. प्रोपेलरच्या कडेवरून बोट फिरवतो, खडा लागून खाच पडली असेल तर ती बोटाला आधी कळते. डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं भोक असतं. त्याच्या आत पेटीत असते तशी धातूची पातळ पट्टी. पंख हवेशी फार तिरका झाला, उचल संपायच्या बेतात आली, की त्या भोकाजवळचा हवेचा दाब कमी होतो, आतली हवा बाहेर खेचली जाते आणि पट्टी सूर धरते. वीज नाही, संगणक नाही; धोका स्वतःच पेटी वाजवतो. जमिनीवर तिची परीक्षा घ्यायची तर त्या भोकावर स्वच्छ रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढायची. पोक्त वयाचा माणूस विमानाच्या पंखाला तोंड लावून उभा आहे, सूर निघाला म्हणून समाधानाने मान डोलावतो आहे, हे तिथल्या धावपट्ट्यांवर रोज दिसतं. कायद्याने मालकाला काही कामं स्वतः करायचीही मुभा दिली आहे: तेल बदलणं, प्लग साफ करणं, टायर बदलणं. वहीत त्याची स्वतःची सही येते. १९७४ पासूनच्या त्या सह्यांच्या रांगेत आपलं नाव लिहिण्याचं सुख मोठं आहे.

आणि मग भूगोल बदलतो. अमेरिकेत वेळापत्रकाची प्रवासी विमानं पाचेकशे विमानतळांवर जातात. सर्वांना खुले विमानतळ आहेत पाच हजारांच्या आसपास. ही बाकीची साडेचार हजार दारं फक्त अशा लहान विमानांना उघडी असतात. तिथे तिकीट नाही, रांग नाही, बऱ्याच ठिकाणी माणूसही नाही. वैमानिक ज्याला शंभर डॉलरचा बर्गर म्हणतात ती सहल इथूनच सुरू होते: निमित्त जेवणाचं, पेट्रोलसकट खर्च शंभराच्या वर.

त्यातला सर्वांत देखणा बर्गर कॅटलिना बेटावर मिळतो. लॉस एंजेलिसच्या समोर समुद्रात हे डोंगराळ बेट आहे. १९४१ मध्ये डोंगराची दोन शिखरं कापून मधली घळ भरून तिथे धावपट्टी केली, समुद्रापासून १,६०२ फुटांवर. पट्टीच्या दोन्ही टोकांना कडा. मध्येच तिला उंचवटा आहे, त्यामुळे चाकं टेकल्यावर दुसरं टोक दिसत नाही आणि पट्टी संपली असं वाटून नवख्याच्या छातीत धस्स होतं. बेटावर बायसन, म्हणजे अमेरिकी रानगवे, चरतात. १९२४ मध्ये एका चित्रपटासाठी आणलेल्या कळपाचे हे वंशज, असं सांगतात. विमानतळावरच्या खानावळीतला गव्याच्या मांसाचा बर्गर प्रसिद्ध आहे.

पण खरी गंमत समुद्र ओलांडण्यात आहे. इंजिन बंद पडलं तर १७२ दगडासारखं पडत नाही, ते घसरत उतरतं: एक किलोमीटर खाली येताना साधारण नऊ किलोमीटर पुढे जातं. किनारा ते बेट हे अंतर साधारण ३५ किलोमीटर. अगदी मधोमध इंजिन थांबलं तर कुठलाही काठ साडेसतरा किलोमीटरवर. नवाने भागा: जवळपास दोन किलोमीटर, म्हणजे साडेसहा हजार फूट. वारा आणि घाबरण्यात जाणारे सेकंद धरून आणखी हजार-दीड हजार. तेवढी उंची किनाऱ्यावरच गाठायची आणि मग समुद्रावर निघायचं. पूर्ण वाटभर जमीन आवाक्यात राहते. प्राथमिक शाळेतल्या भागाकाराने माणूस समुद्र पार करतो, आणि खाली त्या पाण्यात देवमासे श्वास घेताना दिसतात.

या आनंदातून कमाई करायला कायदा देत नाही. खासगी परवान्यावर प्रवाशाकडून भाडं घेता येत नाही. पेट्रोल आणि उतरण्याचा खर्च फार तर समान वाटून घेता येतो. म्हणून खूप जण तिघाचौघांत मिळून एकच विमान ठेवतात. स्थिर खर्च चौथाई होतो आणि इंजिनही गंजत नाही. मला तर हा सर्वांत शहाणा मार्ग वाटतो. काही जण आपलं विमान आणि पेट्रोल घेऊन दूरच्या खेड्यातल्या रुग्णाला मोठ्या शहरातल्या इस्पितळात पोचवतात, एक पैसा न घेता. एंजल फ्लाइट वेस्ट ही संस्था १९८३ पासून अशा वैमानिकांची आणि रुग्णांची गाठ घालून देते. १९९२ पासून एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनच्या सभासदांनी वीस लाखांहून अधिक मुलांना पहिली भरारी फुकट घडवली.

हे वेड आपल्याकडे अनोळखी नाही. बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ पासूनचा; आज त्याचं बरंच प्रशिक्षण धुळ्याच्या धावपट्टीवर चालतं. याच क्लबात शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, आणि १५ ऑक्टोबर १९३२ ला ते एका इंजिनाच्या पस मॉथमधून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, ते २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी डोळे विस्फारून पाहिलं. सरकारी नोंदणी मिळायला पुढचं वर्ष उजाडलं. मुंबईच्याच आरोही पंडितने २०१९ मध्ये ‘माही’ नावाच्या चिमुकल्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, इतक्या हलक्या वर्गाच्या विमानातून ते करणारी जगातली पहिली स्त्री म्हणून. जमीन, परवानगी आणि पेट्रोल या तिन्हींची चणचण नसती तर अशी नावं आपल्याकडे गावोगाव निघाली असती, याबद्दल मला शंका नाही.

दर वर्षी जुलैच्या अखेरीस अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश गावी अशा लहान विमानांच्या मालकांची जत्रा भरते. आठवडाभरात दहा हजारांच्या आसपास विमानं त्या परिसरात उतरतात आणि तेवढे दिवस तिथला नियंत्रण मनोरा जगातला सर्वांत गजबजलेला असतो. इतक्या जणांनी रेडिओवर बोलायचं ठरवलं तर कुणाचंच ऐकू येणार नाही. म्हणून नियम असा: रिपन गावावरून एकेरी रांग धरा, पुढच्या विमानापासून अर्धा मैल, उंची १,८०० फूट, वेग ९० नॉट, आणि खालच्या रेल्वेरुळांवरून सरळ चला. फिस्क नावाच्या वस्तीपाशी गुलाबी शर्ट घातलेले नियंत्रक दुर्बिणी घेऊन जमिनीवर उभे असतात. ते वरच्या विमानाकडे बघून त्याच्या रंगाने हाक मारतात: पांढऱ्या-निळ्या सेसना, पंख हलवा. चालकाने तोंडाने उत्तर द्यायचं नाही; विमान डावी-उजवीकडे डोलवायचं, जितकं जोरात तितकं खालच्यांना आवडतं. मग त्याला धावपट्टी सांगितली जाते, आणि ती जवळ आली की ठिपका. धावपट्टीवर मोठाले रंगीत ठिपके रंगवलेले असतात. पुढचा हिरव्यावर उतरतो, मागचा त्याच वेळी नारिंगीवर, आणि तिसरा रुळांवरून वळून आपला रंग ऐकायला कान देऊन येतच असतो. उतरलेली विमानं गवतात रांगेने लागतात, मालक पंखाखाली तंबू ठोकतात, आणि शेजारचा माणूस ओळखपाळख व्हायच्या आधी विचारतो, ‘कोणत्या सालचं? सिलिंडर कसे आहेत?’